एकाने बसवलेला घटक दुसऱ्याच्या वर्गात कसा न्यावा

विदर्भातील तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत बऱ्याच विषयांना एकच प्राध्यापक असतो. क्वचित दोन असतात आणि त्यांतला एक तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. त्यामुळे एखाद्या मॅडमनी चार-पाच वर्षे घासूनपुसून छान बसवलेला घटक त्याच इमारतीत कुणाला दाखवावा म्हटले, तर त्या विषयाचे दुसरे माणूसच नसते. तिकडे पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या महाविद्यालयात तोच घटक एखादे सर पुन्हा शून्यापासून उभा करत असतात. या दोघांची गाठ पडते ती परीक्षेच्या मूल्यांकन केंद्रावर, आणि तिथे बोलणे होते ते उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचे आणि राहिलेल्या बिलांचे.

अशा दोघांमध्ये शिकवण्याचा आराखडा इकडून तिकडे कसा न्यावा, हे येथे सांगायचे आहे. आराखडा म्हणजे एखादा घटक कोणत्या क्रमाने, किती वेळात आणि विद्यार्थ्यांकडून काय काय करून घेत शिकवला, आणि तो क्रम तसाच का ठेवला, याची नोंद. पीपीटी, नोट्स, प्रश्नसंच आणि व्हिडिओ ही त्याची साधने झाली. साधनांची देवाणघेवाण आज भरपूर होते. विषयवार व्हॉट्सअ‍ॅप गटांत पीडीएफचा पाऊस पडत असतो आणि त्यातल्या कितीतरी फाइली कुणी उघडतही नाही. यात आळसाचा भाग फार थोडा आहे. दुसऱ्याची चाळीस स्लाइडची पीपीटी हाती आली, तरी तिसऱ्या स्लाइडवर थांबून मुलांना काय विचारायचे आणि सातवी स्लाइड दाखवण्याआधी त्यांच्या वहीत काय लिहिलेले असायला हवे, हे तिच्यात नसते. ते ती तयार करणाऱ्याच्या डोक्यातच राहते, आणि घटक रंगतो तो नेमका त्यामुळेच.

किती मोठा तुकडा निवडावा

संपूर्ण पेपरचा आराखडा देण्याघेण्याच्या भानगडीत सुरुवातीला पडू नये. नागपूर, अमरावती आणि गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांची अभ्यास मंडळे वेगळी, पेपरांची नावे वेगळी, घटकांची मांडणी वेगळी. 1983 मध्ये अमरावती आणि 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ नागपूरपासून वेगळे झाल्यापासून वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयाचा अभ्यासक्रम शेजारच्या यवतमाळ किंवा चंद्रपूर जिल्ह्यातील महाविद्यालयाशी जुळेलच याची खात्री राहिलेली नाही. मात्र पाण्याचा कठीणपणा, ग्रामसभा, मागणीची लवचिकता, मध्य आणि मध्यक, लोकगीतातील प्रतिमा असे घटक सगळीकडेच कुठे ना कुठे येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तर तोच घटक एका ठिकाणी मेजरमध्ये (मुख्य विषयात), दुसऱ्या ठिकाणी मायनरमध्ये (दुय्यम विषयात) आणि तिसऱ्या ठिकाणी ओपन इलेक्टिव्हमध्ये (खुल्या ऐच्छिक विषयात) असू शकतो. या रचनेत थिअरीचे पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट आणि प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक क्रेडिट. त्यातून पाच ते आठ तासांत पूर्ण होणारा आणि इतर घटकांपासून सुटा करता येणारा तुकडा निवडावा. त्याहून लहान तुकड्यात क्रमाची गंमत दिसत नाही, आणि त्याहून मोठा तुकडा उसना घेण्याचे धाडस कुणी करत नाही.

निवडताना आणखी एक कसोटी लावावी. जो घटक अमुक सरांच्या वक्तृत्वावर चालतो, तो कितीही गाजलेला असला तरी देण्याजोगा नसतो. ज्या घटकात बोलण्यापेक्षा विद्यार्थ्यांच्या हातून काहीतरी घडते, तोच प्रवास करू शकतो.

नोंद देणाऱ्याने लिहू नये, घेणाऱ्याने काढून घ्यावी

“तुमचा आराखडा दोन पानांत लिहून पाठवा” असे म्हटले, की चांगल्यातले चांगले प्राध्यापकही टीचिंग प्लॅनच्या भाषेत लिहू लागतात. उद्दिष्टे, अध्यापन पद्धती, संदर्भग्रंथ, निष्पत्ती, सगळे जागच्या जागी येते आणि वर्ग मात्र कुठेच दिसत नाही. आयक्यूएसीला, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला, सादर करण्यासाठी वर्षानुवर्षे तसेच लिहिण्याची सवय लागलेली असते. म्हणून ज्याला तो घटक वापरायचा आहे त्यानेच समोर बसून विचारावे आणि लिहून घ्यावे. तासाभराचे संभाषण फोनवर ध्वनिमुद्रित करून नंतर उतरवले तरी चालते.

पहिला प्रश्न विद्यार्थ्यांविषयी असावा. वर्गात किती होते, कुठून येत होते, बारावीला हा विषय त्यांच्याकडे होता का, आणि एसटीच्या वेळेमुळे शेवटच्या तासाला किती जण उरत होते? त्यानंतर पहिल्या तासाला वर्गात शिरल्यावर तोंडून निघालेले पहिले वाक्य कोणते, तिथपासून क्रमाने विचारत जावे. मुले गप्प बसली तेव्हा काय केले, कोणते चुकीचे उत्तर दरवर्षी येते, या घटकात आधी काय करून पाहिले होते आणि ते का सोडून दिले, हे प्रश्न सर्वांत मोलाचे आहेत. “का सोडून दिले” याच्या उत्तरात पाच वर्षांचा अनुभव असतो, आणि कोणत्याही टीचिंग प्लॅनमध्ये त्यासाठी रकाना नसतो. शेवटी एक थेट प्रश्न ठेवावा: यातले काय बदलले तर घटक कोसळेल?

उतरवून झाल्यावर नोंद दोन, फार तर तीन पानांची करावी आणि देणाऱ्याला एकदा वाचायला द्यावी. त्यांनी भाषा सुधारायला घेतली तर नम्रपणे थांबवावे. वस्तुस्थिती सुधारली तर अवश्य घ्यावी.

एक आराखडा जवळून

बी.एस्सी.च्या रसायनशास्त्रातील पाण्याचा कठीणपणा हा घटक घेऊ. तो सगळीकडे शिकवला जातो, आणि सगळीकडे जवळपास एकाच पद्धतीने: व्याख्यान, सूत्र, ईडीटीए टायट्रेशन (ईडीटीए हे रसायन थेंबथेंब घालून कठीणपणा मोजणे), रेकॉर्डवर सही. त्याचा सात तासांचा आराखडा पुढीलप्रमाणे असू शकतो.

घटक सुरू होण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक विद्यार्थ्याने घरी आणि शेजारच्या दोन घरी विचारून यायचे: तुरीची डाळ शिजवायला कोणत्या विहिरीचे किंवा हातपंपाचे पाणी आणता, कपड्यांना कोणते वापरता, आणि का. पहिल्या तासाला ही माहिती फळ्यावर येते. गावोगावच्या आयांना आणि आज्यांना कोणत्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि कोणत्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही हे पक्के ठाऊक असते, त्यामुळे या तासाला एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलीही बोलतात. मग प्राध्यापक पाच बाटल्या टेबलावर मांडतात: उघड्या विहिरीचे, बोअरवेलचे, हातपंपाचे आणि नळाचे पाणी, आणि पाचवी बाटली ऊर्ध्वपातित पाण्याची. प्रत्येकाने ती कमी कठीण ते जास्त कठीण या क्रमाने वहीत लिहायची आणि कारण एका वाक्यात द्यायचे. हे पान फाडायचे नाही आणि खोडायचेही नाही.

दुसऱ्या तासाला व्याख्यान होते: कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन, उकळल्याने जाणारा आणि न जाणारा कठीणपणा, साबणाचे काय होते, ईडीटीए त्या आयनांना कसे बांधून घेते. त्यानंतर दोन-दोन तासांची दोन प्रात्यक्षिके. पहिल्या प्रात्यक्षिकात सर्वांना ज्ञात कठीणपणाचा एकच नमुना द्यायचा, म्हणजे हात बसतो. 50 मिली नमुना, पीएच 10 राखणारे अमोनियाचे बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगदर्शक आणि 0.01 मोलर ईडीटीए. द्राक्षारसासारखा लाल रंग जाऊन स्वच्छ निळा येईपर्यंत. या प्रमाणात ब्युरेटच्या वाचनाला वीसने गुणले की लिटरमागे मिलीग्रॅममध्ये कठीणपणा मिळतो. वाचन 15 मिली आले तर 300. दुसऱ्या प्रात्यक्षिकात तिघा-तिघांचे गट आपापल्या गावचे पाणी तपासतात. शेवटच्या तासाला पहिल्या दिवशीचे वहीतले पान उघडायचे, अंदाज आणि निष्कर्ष शेजारी-शेजारी ठेवायचे, पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक 10500 मधील 200 ही स्वीकार्य मर्यादा आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास 600 ही अनुज्ञेय मर्यादा यांच्याशी ताडून पाहायचे, आणि गावकऱ्यांना समजेल असे अर्ध्या पानाचे माहितीपत्रक गटाने लिहायचे.

इथवरचे कुणीही लिहील. नोंदीला किंमत येते ती पुढच्या मजकुराने. अंदाज व्याख्यानाच्या आधी लिहून घ्यायचा, कारण नंतर घेतला तर मुले सरांचे शब्द परत करतात आणि नितळ दिसणारे पाणी हलके असते ही घरून आलेली समजूत झाकलेलीच राहते. पुढे गुण मिळतात आणि समजूतही तशीच टिकते. ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली मुद्दाम मधोमध ठेवायची. ज्ञात नमुन्याचे प्रात्यक्षिक वेळ वाचवण्यासाठी गाळायचे नाही, कारण अंत्यबिंदू, म्हणजे रंग पूर्ण बदलण्याचा क्षण, ओळखण्याचा सराव नसताना गावचे पाणी तपासले तर आलेल्या फरकाचे श्रेय पाण्याला द्यायचे की हाताला, हे कुणालाच सांगता येत नाही. गंजलेल्या पाइपच्या हातपंपाच्या पाण्यात लोह असेल तर रंगबदल धूसर होतो. त्या गटाला तुमचे चुकले असे म्हणू नये, त्यांच्याकडे वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न आलेला असतो. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायला सांगावे, नाहीतर सरबताच्या बाटलीतले पाणी येते. माहितीपत्रकावर विहीर कुणाची हे नाव लिहू नये. कुणाच्या विहिरीचे पाणी खराब ही बातमी गावात कशी फिरते, हे आपण सगळे जाणतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील डायना लॉरिलार्ड यांनी शिकण्याच्या कृतींचे सहा प्रकार सांगितले आहेत: ग्रहण, शोध, चर्चा, सराव, सहयोग आणि निर्मिती. या प्रकारांवर आधारलेले लर्निंग डिझायनर नावाचे मोफत साधन ब्राउझरमध्ये चालते. त्यात प्रत्येक कृतीची मिनिटे भरली की कोणत्या प्रकाराला किती वेळ गेला याचे चित्र समोर येते. साधन वापरले नाही तरी मिनिटांचा हिशेब नोंदीत जरूर द्यावा. वरच्या आराखड्यात 420 मिनिटांपैकी 60 मिनिटेच प्राध्यापकांच्या व्याख्यानाची आहेत, हे एका ओळीत कळते, आणि वाचणाऱ्याला आपल्या वर्गात हे झेपेल की नाही याचा अंदाज येतो. या सहा नावांत फार अडकू नये, इतकेच सुचवावेसे वाटते. सहयोग की शोध यावर अर्धा तास वाद घालणारी बैठक त्या अर्ध्या तासात एक नोंद काढू शकली असती.

उसना घेताना

घेणाऱ्याने सर्वप्रथम तीन रंगांनी नोंद रंगवावी: जे तसेच राहिले पाहिजे, जे बदलावेच लागेल, आणि जे बदलावे की नाही हे विचारून ठरवायचे. मग फोन करावा. हा फोन टाळणाऱ्यांचाच अनुभव पुढे “आमच्याकडे नाही चालले” असा होतो.

बदलावेच लागते ते सहसा स्थळ, काळ आणि सामान. काळाकडे दुर्लक्ष होते म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. यवतमाळ, अकोला किंवा वाशीम भागात पहिल्या सत्रातील उपस्थिती घसरते ती कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवाळीच्या मागेपुढे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात ती घसरते रोवणीला, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्येच. पश्चिमेकडच्या महाविद्यालयात ऑगस्टमध्ये भरल्या वर्गात चाललेला गटकार्याचा घटक पूर्वेकडे त्याच महिन्यात घेतला, तर गटांचे अर्धे सदस्य चिखलात रोवणी करत असतात आणि दोष आराखड्याला लागतो. म्हणून नोंदीवर महिना लिहावा आणि त्या महिन्यात गावात कशाचे दिवस होते तेही लिहावे. उलट दिशेने याचा लाभही घेता येतो: अर्थशास्त्राच्या ज्या घटकाला मजुरीच्या दरांची माहिती हवी, तो वेचणीच्या किंवा रोवणीच्या लगेच नंतर ठेवला तर विद्यार्थी ती माहिती स्वतःच्या कमाईतून घेऊन येतात.

स्थळ बदलताना काय सांभाळायचे, यासाठी राज्यशास्त्रातले उदाहरण घेऊ. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे गाव सर्वांना माहीत आहे. वनहक्क कायदा 2006 खाली 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेले हे देशातील अगदी पहिल्या गावांपैकी एक. बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेणारी तिथली ग्रामसभा आणि निर्णयाआधी विषय समजून घेणारा अभ्यासगट यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. तिथल्या जवळच्या एखाद्या महाविद्यालयातील प्राध्यापकांनी स्थानिक स्वशासनाचा घटक या गावाभोवती रचला, तर ते स्वाभाविकच आहे. आता तो आराखडा बुलढाणा जिल्ह्यातील प्राध्यापकांना हवा आहे. तो जिल्हा पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागांतील ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, अनुसूचित क्षेत्रात येत नाही आणि बसने एका दिवसात मेंढ्याला जाऊन येणेही शक्य नाही. अशा वेळी मेंढ्याविषयीची फिल्म दाखवून सहल भरून काढण्याचा मोह होतो, आणि तिथेच आराखडा मरतो. कारण त्याच्या मुळाशी मेंढा हे गाव नव्हतेच. “निर्णय प्रत्यक्षात कोण घेते आणि कसा घेते” हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहून नोंदवणे, हे होते. ते बुलढाण्यातही जमते. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या 15 ऑगस्टच्या किंवा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जावे, कोण बोलले, कोण बोलले नाही, गणपूर्ती झाली का, ठराव आधीच लिहून आणलेला होता का, हे टिपावे, आणि मग मेंढ्याच्या पद्धतीविषयीचा मजकूर तुलनेसाठी वाचावा. गाव बदलले, वाचनाचा क्रमही उलटा झाला, पण आराखडा तोच राहिला. ग्रामसभा भरलीच नाही, फक्त सह्या झाल्या, असे कुणाला आढळले तर तेही निरीक्षणच आहे. ते वर्गात मांडताना विद्यार्थ्याला गावात अडचण होणार नाही इतकी काळजी मात्र प्राध्यापकांनी घ्यावी.

पहिल्यांदा वापरताना फार सुधारणा करू नयेत. एकदा जवळपास तसाच चालवून पाहावा, प्रत्येक तासानंतर चार ओळी टिपाव्यात आणि त्या मूळ नोंदीच्या खाली स्वतःच्या महाविद्यालयाच्या आणि वर्षाच्या उल्लेखासह जोडाव्यात. या चार ओळी परत येत नाहीत तोवर मूळ नोंद एका माणसाच्या अनुभवापलीकडे जात नाही. दोन वेगळ्या ठिकाणी वापरल्या गेलेल्या आराखड्यावर भिस्त ठेवावी. एकाच ठिकाणी चाललेल्यावर ठेवायची की नाही हे त्या-त्या वेळी पाहावे.

फाइल, फॉन्ट आणि जागा

या भागात चर्चा कमी आणि शिस्त जास्त लागते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप केलेला असावा. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत केलेली नोंद दुसऱ्याच्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडली की तिथे निरर्थक चिन्हांची रांग दिसते, आणि महाविद्यालयांच्या कार्यालयांत अजूनही असे बरेच टंकलेखन होते. पीडीएफ वाचायला सोयीची असली तरी बदलायला गैरसोयीची असते, म्हणून संपादन करता येणारी प्रतही सोबत ठेवावी. ड्राइव्हवरचे फोल्डर कुणा एकाच्या खासगी खात्यावर काढू नये. ती व्यक्ती बदलून गेली किंवा खात्याची जागा भरली की सगळ्यांचीच वाट अडते. फाइलच्या नावात विषय, घटक, महाविद्यालय आणि वर्ष असावे, आणि “फायनल”, “फायनल 2” ही नावे कटाक्षाने टाळावीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त दुवा पाठवावा, फाइल पाठवू नये, म्हणजे सुधारलेली प्रत एकाच ठिकाणी राहते.

महाविद्यालयात मूडल (ऑनलाइन कोर्स चालवण्याची प्रणाली) असेल तर त्याची सोय याहून चांगली आहे. तयार केलेल्या कोर्सचा बॅकअप एका एमबीझेड फाइलमध्ये निघतो आणि दुसऱ्या महाविद्यालयाच्या मूडलवर तो क्विझ आणि असाइनमेंटसह पुन्हा उभा राहतो. बॅकअप घेताना विद्यार्थ्यांची नावनोंदणी आणि त्यांच्या कामाचा तपशील वगळण्याचा पर्याय निवडायला विसरू नये. नोंदींतही विद्यार्थ्यांची नावे, चेहऱ्यांची छायाचित्रे आणि गुण येता कामा नयेत. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, आणि तो नसता तरी ते योग्य ठरले नसते. मोबाइलचे नेटवर्क जिथे भरवशाचे नाही, अशा भामरागड किंवा धारणीसारख्या भागातील महाविद्यालयासाठी सगळे फोल्डर सत्राच्या सुरुवातीला पेनड्राइव्हवर देणे हाच खात्रीचा उपाय आहे.

हक्क, श्रेय आणि तासिका तत्त्वावरील सहकारी

कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या पुनरुत्पादनाला सूट आहे, आणि 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यापीठातील फोटोकॉपी संचांच्या खटल्यात तिचा अर्थ पुरेसा उदार लावला. परंतु वर्गासाठी काढलेल्या झेरॉक्सला मिळणारी सूट इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या केलेल्या फोल्डरलाही मिळेलच, असे धरून चालू नये. म्हणून आराखड्यात दुसऱ्याच्या पुस्तकातली पाने स्कॅन करून डकवू नयेत; कोणत्या पुस्तकातील कोणते प्रकरण, एवढे लिहावे. आपण स्वतः लिहिलेल्या मजकुरावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लिहून ठेवावा. नावाचा उल्लेख करून कुणीही वापरावे आणि बदलावे, एवढीच अट असलेला सीसी बाय परवाना या कामाला सर्वांत सुटसुटीत. बदललेली प्रतही त्याच अटीवर खुली राहावी असे वाटत असेल तर सीसी बाय-एसए घ्यावा. ज्या परवान्याच्या नावात एनडी आहे तो घेऊ नये, कारण त्याखाली बदललेली प्रत इतरांना देता येत नाही, आणि इथे तर बदलून देणे हेच काम आहे. वेगवेगळ्या परवान्यांचे तुकडे एकत्र शिवताना अडचणी येतात, तेव्हा गटाने सुरुवातीलाच एक परवाना ठरवून टाकलेला बरा.

श्रेयाचा प्रश्न कायद्यापेक्षा नाजूक आहे, विशेषतः सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, काम करणाऱ्या सहकाऱ्यांच्या बाबतीत. त्यांची नेमणूक सत्रापुरती असते. पुढच्या जूनमध्ये ते त्याच महाविद्यालयात असतील की नाही हे त्यांना सांगता येत नाही, आणि मुलाखतीत आपल्याजवळ दाखवायला जे आहे ते आज वाटून टाकले तर उद्या आपल्या हाती काय उरेल, ही त्यांची शंका रास्त आहे. अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे मोठे वर्ग हेच सहकारी सांभाळतात, आणि ते गेले की त्यांच्यासोबत बसवलेले घटकही जातात. यावर उपाय असा की नोंदीच्या पहिल्याच ओळीत मूळ रचनाकाराचे नाव लिहावे, ते नंतरच्या प्रत्येक प्रतीत कायम ठेवावे, आणि घेणाऱ्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी सत्राच्या अखेरीस वापराचे सही-शिक्क्याचे पत्र त्यांना द्यावे. अमुक घटकाचा आराखडा आमच्या महाविद्यालयात इतक्या विद्यार्थ्यांसाठी वापरला, असे तीन ओळींचे पत्र मुलाखतीच्या फाइलमध्ये परिसंवादाच्या पंधराव्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते. विभागप्रमुखाने स्वतःचे नाव आधी आणि सहकाऱ्याचे नंतर लिहिण्याची प्रथा येथे आणू नये. नियमित प्राध्यापकांच्या बाबतीत यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत नावीन्यपूर्ण अध्यापनपद्धती विकसित करण्यासाठी गुणांची तरतूद आहे, तिचा आधार घेता येतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठीच्या अहवालातही हे काम सांगता येईल. मात्र नोंद आधी वर्गासाठी लिहावी आणि अहवालात तिचा उल्लेख करावा. अहवालासाठी लिहिलेली नोंद वर्गात परत येत नाही.

गट चालवताना

तीन किंवा चार महाविद्यालये आणि एकच विषय, एवढा गट सुरुवातीला पुरे. सत्रातून एकदा अर्ध्या दिवसाची बैठक घ्यावी, तीही सर्वांना एसटीने संध्याकाळच्या आत परत जाता येईल अशा गावी. दीपप्रज्वलन, स्वागत आणि आभार यांत दीड तास जाणार असेल तर तो कार्यक्रम होतो, बैठक होत नाही. एकच नोंद घ्यावी, ती ज्याने उसनी घेतली त्याने वाचून दाखवावी, मूळ रचनाकाराने ऐकावे आणि शेवटी बोलावे. हा क्रम उलटा केला की रचनाकार व्याख्यान देतात आणि उसने घेणाऱ्याची अडचण पोटातच राहते. फसलेला प्रयोगही बैठकीत यावा, यासाठी गटातील ज्येष्ठांनी आपला फसलेला घटक आधी मांडावा. कनिष्ठांनी सुरुवात करावी अशी अपेक्षा ठेवणे व्यवहाराला धरून नाही.

वर्षाच्या शेवटी फोल्डर चाळावे. ज्या नोंदीला दोन वर्षांत कुणी हात लावला नाही, ती “जुने” या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवावी आणि कोणत्या वर्षीच्या अभ्यासक्रमासाठी ती केली होती हे तिच्यावर लिहून ठेवावे. पुसून मात्र टाकू नये, कारण अभ्यासक्रम बदलला की काढून टाकलेला घटक तीन-चार वर्षांनी वेगळ्या पेपरात, वेगळ्या नावाने आणि वेगळ्या सेमिस्टरला पुन्हा येतो, आणि त्या वेळी तो शिकवणाऱ्याला ही जुनी नोंदच हवी असते.